आरमाराची पहिली बायप्लेन लढाऊ विमानं आणि डेकवरच्या उभ्या तारांचं कोडं

उभी_तार (धागाकर्ता)

मागच्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की ब्रिटिशांनी विमानवाहू नौकेच्या डेकवर लांबीच्या दिशेने, म्हणजे उभ्या, तारा ताणल्या, म्हणजे विमान अडवायचं सोडून त्याला रूळ घालून दिले. अमेरिकनांनी तर १९११ मध्येच आडवे दोर बांधून दाखवले होते. वाक्य खमंग आहे, पण अर्धवट आहे. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी १९११ चं बघू. १८ जानेवारीला यूजीन एली हा अमेरिकन वैमानिक सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उभ्या असलेल्या 'पेनसिल्व्हेनिया' या क्रूझरवर उतरला. लाकडी फळ्यांच्या डेकवर २२ आडवे दोर होते आणि प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना ५० पौंडांची वाळूची पोती. विमानाच्या खाली लावलेले आकडे दोरात अडकले, पोती घसटत ओढली गेली, विमान थांबलं. पद्धत आजही तीच आहे, फक्त पोत्यांच्या जागी हायड्रॉलिक यंत्रणा आली. पण एलीचं जहाज नांगरलेलं होतं. समोरून वारा नव्हता, त्यामुळे विमान डेकच्या मानाने बऱ्याच वेगात आलं आणि त्याला *अडवणं* भाग होतं.

आता १९१७ चं सॉपविथ पप हे ब्रिटिशांचं छोटं लढाऊ विमान घ्या. भरलेलं वजन सुमारे ५५६ किलो, पंखांचं क्षेत्रफळ २३.६ चौरस मीटर. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर साडेतेवीस किलोचा भार. या भाराला स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, साधारण ३३ नॉट (ताशी सागरी मैल) निघतो. २ ऑगस्ट १९१७ ला स्कापा फ्लो या ब्रिटिश आरमारी तळावर एडविन डनिंग हा वैमानिक 'फ्युरियस' या युद्धनौकेवर उतरला, तेव्हा जहाज २६ नॉटने चाललं होतं आणि समोरून २१ नॉटचा वारा होता. डेकवर एकूण ४७ नॉट!

लक्षात येतंय का? ज्या विमानाला तरंगायला ३३ नॉट पुरतात, ते ४७ नॉटच्या वाऱ्यात उभं आहे. उचल वेगाच्या वर्गाने वाढते, (४७/३३)² म्हणजे जवळपास २. त्यात पप शेपूट टेकवून उभं असतं, तेव्हा पंखाचा कोन स्टॉलच्या जवळचाच असतो. म्हणजे डेकवर 'थांबलेल्या' विमानाला स्वतःच्या वजनाच्या दुप्पट उचल मिळते आहे. त्याला अडवायची गरजच नाही. गरज आहे ती धरून ठेवायची. अडवायला आडवी तार लागते, धरून ठेवायला उभी.

माझं म्हणणं एवढंच. दुरुस्त्या येऊ द्या.

---

कास्टर_ऑइल

वाचनखूण साठवली. डनिंग उतरला तेव्हा डेकवर तारा नव्हत्याच, हे मुद्दाम लिहायला हवं. पपच्या पंखांखाली आणि धडाला दोराच्या मुठी लोंबत्या सोडल्या होत्या. 'फ्युरियस'ला पुढच्या बाजूला २२८ फुटांचं डेक होतं, ते उड्डाणासाठी बांधलेलं. मागे पूल (जहाज चालवायची उंच जागा), धुराडं आणि मागच्या टोकाला १८ इंची तोफ. म्हणून मागून सरळ येणं शक्यच नव्हतं. डनिंग जहाजाच्या बाजूने समांतर आला, पुलाच्या पुढे गेल्यावर आडवं घसरत विमान डेकच्या मधोमध आणलं, इंजिन बंद केलं, आणि खाली उभ्या अधिकाऱ्यांनी उड्या मारून मुठी धरल्या. म्हणजे उभी_तार म्हणतात तसंच, माणसांनी धरून ठेवलं.

७ ऑगस्टला तो परत उतरला, तेव्हा वाऱ्याने एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) दुखावला. दुसरं पप घेऊन पुन्हा आला. या खेपेला फार पुढे आणि उंच आला, हाताने खालच्या लोकांना बाजूला व्हा असं खुणावून थ्रॉटल उघडलं, इंजिन गुदमरलं, आणि विमान उजव्या बाजूने पाण्यात गेलं. बोट पोचेपर्यंत तो बुडाला होता.

इंजिन का गुदमरलं, हे रोटरी इंजिन (ज्यात सिलिंडरच पंख्याबरोबर गरगर फिरतात) माहीत असेल तर कळतं. पपच्या ८० अश्वशक्तीच्या ल रोनला आजच्यासारखं एकच थ्रॉटल नव्हतं. हवेचा आणि पेट्रोलचा असे दोन वेगळे दांडे. उतरताना कांडीवरचं बटण दाबून ठिणगी तोडायची, सोडायची, तोडायची, सोडायची, असा वेग सांभाळायचा. ठिणगी बंद असतानाही पेट्रोल आत जातच राहतं. अचानक हवा उघडली आणि पेट्रोलचं प्रमाण जुळलं नाही, तर इंजिन एक-दोन सेकंद खोकतं. शेतातल्या धावपट्टीवर दोन सेकंद काहीच नाहीत. डेकच्या टोकाला तेवढ्यात जीव जातो.

---

मुरुड_खलाशी

एक बाळबोध प्रश्न. एवढा खटाटोप कशाला? पाण्यावर उतरणारी विमानं होतीच ना? आरमारासाठी तीच सरळ वाटतात.

---

उभी_तार

@मुरुड_खलाशी, बाळबोध नाही, हाच तेव्हाच्या नौदल खात्याचाही प्रश्न होता. आकडे बघा. सॉपविथ बेबी हे तरंडांवरचं (चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे पोकळ पाय) एक आसनी विमान, १३० अश्वशक्तीचं क्लर्जे इंजिन, वेग ताशी सुमारे १०० मैल. पप ८० अश्वशक्तीवर १११ मैल. पन्नास अश्वशक्ती जास्त देऊनही ११ मैल कमी. हा सगळा तरंडांचा आणि त्यांच्या दांडक्यांचा हवेतला अडथळा. वजनही दोनशे किलोच्या वर जास्त. झेपेलिन (जर्मनांचं हायड्रोजन भरलेलं प्रचंड हवाई जहाज) वर चढायला लागलं की बेबी खालीच राहायचं.

दुसरं म्हणजे समुद्र. तरंडांचं विमान क्रेनने उतरवायचं तर जहाज थांबवावं लागतं, आणि उत्तर समुद्रात थांबलेलं जहाज म्हणजे पाणबुडीला आमंत्रण. लाट जरा मोठी असली की तरंड पाण्याला चिकटतं किंवा फुटतं. ४ मे १९१६ ला 'विंडेक्स' आणि 'एंगेडाइन' या विमानं नेणाऱ्या जहाजांनी जर्मनांच्या टोंडर्नच्या झेपेलिन तळावर ११ बेबी सोडायचा प्रयत्न केला. त्यातली ८ पाण्यावरून उठलीच नाहीत.

त्याच 'विंडेक्स'च्या पुढच्या छोट्या डेकवरून ३ नोव्हेंबर १९१५ ला चाकांचं ब्रिस्टल स्काउट सुटलं होतं. म्हणजे उत्तर डोळ्यासमोर होतं. अडचण एकच: परत यायला जागा नाही. त्यावरचा तेव्हाचा तोडगा रोखठोक होता. शत्रू पाडा, जवळच्या विनाशिकेशेजारी पाण्यात उतरा, वैमानिक आणि जमलं तर इंजिन वाचवा. धड शेपटाकडे हवेच्या पिशव्या भरलेलं, म्हणजे विमान निदान काही वेळ तरंगेल. २१ ऑगस्ट १९१७ ला 'यार्मथ' क्रूझरवरून बर्नार्ड स्मार्ट याच पद्धतीने सुटला, एल २३ हे झेपेलिन पाडलं आणि पाण्यात उतरला.

---

सारीपाट

'यार्मथ'वरचा मंच जेमतेम २० फुटांचा होता. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यापेक्षा लांब नसेल. एवढ्यात विमान उठतं कसं? कुणी गणित देईल का?

---

राशी_वेग

@सारीपाट, देतो. ढोबळ आहे, पण चित्र स्पष्ट होतं.

गृहीत धरू: पपला उठायला हवेच्या मानाने १८ मीटर प्रति सेकंद (३५ नॉट) हवेत आणि प्रवेग २ मीटर प्रति सेकंद वर्ग. अंतर = वेगाचा वर्ग भागिले दुप्पट प्रवेग.

वारा शून्य असेल तर १८² ÷ ४ = ८१ मीटर.

डेकवर २० नॉट (१०.३ मी.) वारा: उरलेला वेग ७.७, अंतर १५ मीटर.

डेकवर ३० नॉट (१५.४ मी.): उरलेला वेग २.६, अंतर १.७ मीटर. म्हणजे साडेपाच फूट!

उलटं करून बघा. २० फूट म्हणजे ६.१ मीटर. त्यात विमान ४.९ मीटर प्रति सेकंद एवढाच वेग मिळवू शकतं. उरलेले १३.१, म्हणजे २५-२६ नॉट, जहाज आणि वारा यांनी मिळून द्यायचे. क्रूझरने २० नॉट धरले आणि समोरून मंद वारा असला की झालं. शिवाय मंच पाण्यापासून बराच वर असतो. टोकावरून सुटल्यावर नाक किंचित खाली घालून थोडा वेग फुकट मिळतो.

चूक कुठे होते? वारा मंचाच्या रेषेत नसला तर. आठ-दहा अंश तिरका वारा असला की एक पंख आधी उचलला जातो, दुसरं चाक फळीवर घासतं, आणि विमान वळत वळत कडेवरून जातं. म्हणून जहाजाला अगदी वाऱ्यात नाक घालून चालावं लागे. लढाईच्या रांगेतल्या युद्धनौकेला ते परवडत नाही.

---

कास्टर_ऑइल

आणि त्यावरची युक्ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी वाटते. मंच जहाजावर न बांधता तोफांच्या टरेटवरच, म्हणजे फिरत्या बुरुजावरच, बांधला. जहाज रांगेत आपल्या दिशेने चालू दे, टरेट फिरवून 'जाणवणाऱ्या' वाऱ्यात धरायचं. फ्रेडरिक रटलँड १ ऑक्टोबर १९१७ ला 'रिपल्स' या बॅटलक्रूझरच्या टरेटवरून असाच सुटला. त्यानंतर ग्रँड फ्लीटच्या (ब्रिटनचा मुख्य आरमारी ताफा) मोठ्या जहाजांवर असे मंच सर्रास बसले.

मंचावरचा क्रम असा असे. विमानाची शेपटी घोडीवर टेकवून धड आडवं करायचं. हे महत्त्वाचं. शेपूट खाली असेल तर सुरुवातीला पंखांचा अडथळा जास्त आणि वेग धरत नाही. आडवं धरलं की विमान पहिल्या फुटापासून उड्डाणाच्या पवित्र्यात असतं. शेपटाला मागून सुटणीच्या आकड्याने बांधायचं. पेट्रोल उघडून सिलिंडरमध्ये थोडं थोडं पेट्रोल घालायचं, पंखा (नाकावरचा प्रोपेलर) हाताने फिरवून आत ओढून घ्यायचं, मग ठिणगी चालू करून जोराने पंखा मारायचा. रोटरीचा एक गुण निर्विवाद आहे: तापवत बसावं लागत नाही. झेपेलिन दिसल्यापासून उड्डाणापर्यंत मिनिटंच हातात असताना पाण्याने थंड होणारं इंजिन कामाचं नव्हतं. पूर्ण फेरे आले की वैमानिक हात वर करतो, अधिकारी जहाज चढत्या लाटेवर येण्याची वाट बघून खूण करतो, आकडा सुटतो.

लाटेचा मुद्दा लहान वाटतो, पण जहाजाचं नाक खाली जात असताना आकडा सोडला तर मंच उताराचा होतो आणि समोर पाण्याची भिंत असते.

---

वैद्य_गं_भी

'कास्टर ऑइल' हे टोपणनाव वाचून राहवलं नाही. रोटरी इंजिनात एरंडेलच का? आमच्याकडे त्याचा उपयोग वेगळा आहे. :)

---

कास्टर_ऑइल

तो उपयोग वैमानिकांनाही चुकला नाही! इंजिन तेल पुन्हा वापरत नाही, जाळून-न जाळून बाहेर फेकतं, ते धुक्यासारखं तोंडावर येतं आणि गिळलं जातं.

कारण असं. रोटरीत पेट्रोल-हवेचं मिश्रण पोकळ आणि स्थिर क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये येतं, म्हणजे तेल आणि पेट्रोल एकाच खोलीत. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळतं आणि धुऊन जातं. एरंडेल त्यात सहजासहजी विरघळत नाही, तापल्यावरही घट्टपणा टिकवतं. एरंडीचं बी पुरवणारा मोठा देश तेव्हाही हिंदुस्थानच होता, म्हणजे त्या उत्तर समुद्रातल्या धुरात आपल्याकडचा थोडा वास होता म्हणायचं.

---

कॅमलवाला

आता खऱ्या आरमारी लढाऊ विमानाकडे येऊ या. पप हे मुळात जमिनीवरचं विमान जहाजावर नेलेलं. सॉपविथ २एफ.१ कॅमल मात्र जहाजासाठी मुद्दाम बदललेलं. एफ.१ आणि २एफ.१ लोक सर्रास एकच समजतात, म्हणून फरक नीट लिहितो.

पंखांचा विस्तार २८ फुटांऐवजी २६ फूट ११ इंच. वरच्या पंखाचा मधला भाग अरुंद केला. तो पेलणारे खांब लाकडाऐवजी बारीक स्टीलच्या नळीचे. धड कॉकपिटच्या मागे जोडाचं: बोल्ट काढले की शेपटाकडचा भाग वेगळा होतो आणि विमान अर्ध्या जागेत मावतं. अर्थात मागे जाणाऱ्या नियंत्रणाच्या ताराही त्या जोडापाशी खोलता येतील अशा ठेवाव्या लागल्या. शेपूट जोडल्यावर या तारांचा ताण पुन्हा नीट जुळला नाही तर एलेव्हेटर ढिला राहतो, आणि कॅमलसारख्या तिरसट विमानात ढिला एलेव्हेटर म्हणजे संकट.

बंदुका: एफ.१ ला दोन व्हिकर्स मशीनगन, पंख्याच्या पात्यांमधून मारणाऱ्या. २एफ.१ ला डावीकडे एक व्हिकर्स आणि वरच्या पंखावर एक लुईस. कारण लक्ष्य झेपेलिन. हायड्रोजन पेटवायला आग लावणाऱ्या आणि फुटणाऱ्या गोळ्या लागतात, आणि अशी गोळी आपल्याच पंख्याच्या पात्यावर बसली तर काय होईल ते सांगायला नको. लुईस पंख्याच्या वरून मारते.

इंजिन: बेंटले बीआर१, १५० अश्वशक्ती. रोटरीचा सिलिंडर फिरताना पुढच्या बाजूला वारा लागून थंड होतो, मागची बाजू तापलेली राहते. क्लर्जेच्या स्टीलच्या सिलिंडरचा गोलपणा त्यामुळे बिघडतो आणि पिस्टनवरची पातळ सीलिंग रिंग तुटते. बेंटलेने सिलिंडर अॅल्युमिनियमचे करून आत लोखंडी अस्तर दिलं. अॅल्युमिनियम उष्णता चटकन सगळीकडे पसरवतं, गोलपणा टिकतो. समुद्रावर इंजिन बंद पडणं म्हणजे विमान गमावणं, म्हणून या एका सुधारणेची किंमत आरमाराला जास्त.

---

मुरुड_खलाशी

कॅमल तिरसट म्हणजे नेमकं काय?

---

कॅमलवाला

इंजिन, बंदुका, वैमानिक आणि टाकी असं सगळं जड सामान पुढच्या सात फुटांत. त्यात समोर इंजिनाचं फिरतं वजन म्हणजे मोठा भोवराच. उजवीकडे वळलं की नाक खाली पडतं, डावीकडे वळलं की वर जातं. दोन्ही वळणांना डाव्या पायाचा रडर (शेपटीचं सुकाणू) लागतो. उजवं वळण भलतंच चटकन होतं आणि सांभाळलं नाही तर फिरकी. जाणत्याच्या हातात हे हत्यार, नवख्याच्या हातात अपघात.

---

राशी_वेग

कॅमलच्या लायटरचा, म्हणजे ओढून न्यायच्या पडावाचा, विषय निघायलाच हवा. ५८ फूट लांब, १६ फूट रुंद सपाट पडाव, मुळात मोठ्या उडत्या बोटी (पाण्यावर पोटाने उतरणारी विमानं) वाहून नेण्यासाठी बनवलेला. त्यावर फळ्यांचा मंच टाकायचा, विनाशिकेने तो ३० नॉटच्या आसपास ओढायचा. वर काढलेल्या गणितानुसार कॅमलला (भार सुमारे ३१ किलो प्रति चौरस मीटर, स्टॉल ३८ नॉटच्या आसपास) फारसं धावावंच लागत नाही.

पहिला प्रयत्न ३० मे १९१८ ला चार्ल्स सॅमसनने केला. त्यात दोन गोष्टी चुकल्या. चाकांऐवजी घसरपट्ट्या लावल्या होत्या आणि त्या खोबणीतून सरकायच्या होत्या. त्या खोबणीतून निसटल्या आणि विमान अडकलं. दुसरं, वेगाने ओढला की पडाव नाक वर करतो, त्यामुळे मंचही चढाचा झाला होता. विमान पुढे पाण्यात पडलं आणि पडाव त्याच्यावरून गेला. सॅमसन वाचला, हे आश्चर्यच.

मग मंच असा बांधला की पडावाने नाक उचललं की फळ्या आडव्या व्हाव्यात, आणि साधी चाकं परत आली. ३१ जुलैला स्टुअर्ट कली हा वैमानिक यशस्वीपणे सुटला. ११ ऑगस्टला 'रिडाउट' विनाशिकेच्या मागे बांधलेल्या पडावावरून एन६८१२ हे कॅमल घेऊन तो एल ५३ या झेपेलिनच्या मागे लागला. वर १८,००० फुटांपलीकडे कॅमल लोंबकळल्यासारखंच होतं, आणखी चढणं नाही. त्याने नाक ओढून खालूनच मारलं. या विमानाला व्हिकर्स काढून वर दोन लुईस लावल्या होत्या. एक सात गोळ्यांनंतर अडकली. दुसरीने अख्खा डबा रिकामा केला. झेपेलिन जळत पडलं. परतताना टाकीत अर्धा लिटरभर पेट्रोल उरलं होतं. तो 'रिडाउट'शेजारी पाण्यात उतरला, विमान वर काढलं, आणि आज ते लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये लटकतंय.

---

सारीपाट

कमाल. पण म्हणजे १९१८ च्या ऑगस्टपर्यंतही परत उतरायला जागा नव्हतीच?

---

उभी_तार

@सारीपाट, बरोबर नस पकडलीत. १९ जुलै १९१८ चा टोंडर्न हल्लाही तसाच. 'फ्युरियस'वरून सात कॅमल, प्रत्येकी ५० पौंडांचे दोन बॉम्ब. एल ५४ आणि एल ६० ही झेपेलिनं शेडमध्येच जळाली. पण सातपैकी एकही 'फ्युरियस'वर परत उतरलं नाही. तिघे डेन्मार्कमध्ये उतरले, काही जण जहाजांजवळ पाण्यात, एक बेपत्ता.

'फ्युरियस'ला तोवर मागे २८४ फुटांचं उतरण्याचं डेक होतं, मग अडचण काय? मध्ये पूल आणि धुराडं तसंच उभं. जहाज वेगात चाललं की त्यामागे हवेचे भोवरे आणि गरम धूर. डेकच्या टोकाशी विमान नेमकं त्यात शिरतं. चाचण्यांत बहुतेक उतरणी अपघातात संपल्या. मागच्या टोकाला दोरांचं जाळं उभारलं होतं, त्याने निदान धुराड्यावर आदळणं टळलं.

उपाय म्हणजे सगळं सपाट करणं. क्लाइड नदीवर इटालियन प्रवासी जहाज म्हणून सुरू झालेलं 'आर्गस' सप्टेंबर १९१८ ला सेवेत आलं: डेकवर काहीही नाही, धूर नळांतून मागे, नकाशाघर लिफ्टने खाली जाणारं. आणि आता येतात उभ्या तारा.

---

उभी_तार

(वरचा प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा.)

उभ्या तारांची रचना: डेकवर लांबीच्या दिशेने तारा, डेकपासून थोड्या वर उचललेल्या. विमानाच्या चाकांच्या आसावर खाली तोंड असलेले आकडे. विमान टेकलं की आकडे तारांत शिरतात आणि विमान वर उचललं जाऊ शकत नाही, बाजूलाही जाऊ शकत नाही. घर्षणाने थोडा वेगही मरतो. पुढे तारा बिजागरीच्या लाकडी फळ्यांवर टेकवल्या, आस त्या फळ्या एकामागून एक पाडत जायचा आणि त्यानेही ऊर्जा जायची.

बिघडायचं ते इथे:

एक, विमान उसळी मारून टेकलं तर एका बाजूचा आकडा आधी अडकतो. विमान त्या बाजूला फिरतं आणि दुसऱ्या बाजूचा खालचा पंख डेकवर घासतो.

दोन, तारांच्या मधोमध चाक शिरलं की नाक डेकवर आपटतं आणि पंखा तुटतो.

तीन, आणि हे मुळातलं: वजन वाढत गेलं तशी 'धरून ठेवायची' गरजच कमी झाली. १९२२-२३ चं फेअरी फ्लायकॅचर हे ब्रिटिश आरमारी लढाऊ विमान घ्या. सुमारे १,३७३ किलो, भार ५१ किलो प्रति चौरस मीटर. पपच्या दुपटीहून जास्त. डेकवरच्या ३० नॉट वाऱ्यात ते आपोआप उडून जात नाही. तारांची डोकेदुखी राहिली, फायदा गेला. १९२६-२७ च्या सुमारास ब्रिटिशांनी त्या काढून टाकल्या आणि काही वर्षं चक्क काहीच न लावता उतरत राहिले.

---

राशी_वेग

@उभी_तार, एक दुरुस्ती नव्हे, पुरवणी. 'काहीच न लावता' हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण हिशोबात बसतं. फ्लायकॅचर ४४ नॉटने टेकतं धरू, डेकवर ३० नॉट. सापेक्ष वेग १४ नॉट, म्हणजे ७.२ मीटर प्रति सेकंद. शेपटीची घसरपट्टी आणि वारा मिळून मंदन १ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं तरी २६ मीटरमध्ये थांबतं. 'आर्गस'चं डेक १७० मीटरच्या आसपास. माणसं धावत जाऊन पंख धरत, बस्स.

म्हणजे तीन टप्पे झाले: फार हलकं (धरा), मधलं (काही नको), जड (अडवा). आडवी तार तिसऱ्या टप्प्याची आहे. ब्रिटिशांनी ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला परत आणली.

---

फ्लायकॅचर_प्रेमी

फ्लायकॅचरचं नाव निघालं आणि मी गप्प? :)

जहाजासाठी पहिल्या रेघेपासून आखलेलं विमान म्हणून याचं महत्त्व. पंख घडीचे नाहीत, पण सगळं विमान साडेतेरा फुटांपेक्षा लांब नसलेल्या तुकड्यांत सुटतं. पंखांच्या मागच्या कडेला पूर्ण विस्तारभर फ्लॅप (खाली वळणाऱ्या पट्ट्या), फेअरीची स्वतःची रचना. बाहेरचा भाग एलेरॉनचंही (विमान बाजूला कलवण्याचं) काम करतो. खाली केले की कमी वेगात उचल वाढते आणि उतरणीचा कोन तीव्र होतो, म्हणजे डेकचं टोक दिसतं. आर्मस्ट्राँग सिडली जॅग्वार हे १४ सिलिंडरचं दोन ओळींचं इंजिन, ४०० अश्वशक्ती. वेग ताशी १३० मैलांच्या थोडा वर. आकड्यांत सामान्यच, पण दणकट आणि डेकवर आज्ञाधारक. चाकं काढून तरंडं लावता येत. 'फ्युरियस'ला मुख्य डेकखाली पुढे छोटं डेक होतं, तिथून ही हॅंगरमधून थेट बाहेर सुटत.

दिसायला मात्र ओबडधोबड. धडाचा बाक असा की जणू कुणी मध्येच वाकवलंय. आरमाराच्या त्याच मागणीसाठी बनलेलं पारनॉल प्लोव्हर जास्त सुबक होतं, पण त्याची तेराच बनली. फ्लायकॅचर दोनशेच्या जवळपास, आणि १९३५ मध्ये निवृत्त.

---

मीनाक्षी_नि

जपान आणि अमेरिकेचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात.

जपानने सॉपविथचेच हर्बर्ट स्मिथ आणून मित्सुबिशीत टाइप १० हे डेकवरचं लढाऊ विमान बनवून घेतलं. फेब्रुवारी १९२३ मध्ये विल्यम जॉर्डन या ब्रिटिश वैमानिकाने ते 'होशो' या जपानी विमानवाहू नौकेवर उतरवलं. मार्चमध्ये शुनइची किरा, पहिले जपानी. 'होशो'लाही उभ्याच ब्रिटिश धाटणीच्या तारा होत्या. म्हणजे मत ब्रिटनपुरतं नव्हतं.

अमेरिकेच्या 'लँग्ली' या विमानवाहू नौकेवर गंमत: उभ्या आणि आडव्या, दोन्ही तारा एकाच वेळी! आडव्या तारांच्या टोकांना वजनं, तार ओढली की वजन वर उचललं जायचं. एलीच्या पोत्यांचं सुधारलेलं रूप. १७ ऑक्टोबर १९२२ ला व्हर्जिल ग्रिफिनचं पहिलं उड्डाण, २६ ला गॉडफ्रे शेवेलियेचं पहिलं उतरणं. लढाऊ विमान म्हणून त्यांनी कर्टिस टीएस-१ घेतलं. धड दोन पंखांच्या मधोमध टांगल्यासारखं, पेट्रोलची टाकी खालच्या पंखाच्या मध्यभागी. उभ्या तारा त्यांनीही १९२० चं दशक संपता संपता सोडल्या.

म्हणून @उभी_तार यांचा मुद्दा पटला, पण एक शंका. 'लँग्ली'वर दोन्ही होत्या, तर आडव्या तारांचा फायदा अमेरिकनांना लवकर दिसला असं म्हणायला हरकत नाही ना?

---

उभी_तार

काही हरकत नाही, मान्य. 'लँग्ली'चा वेग १५ नॉटच्या आसपास, 'फ्युरियस'चा तीसच्या वर. 'लँग्ली'च्या डेकवर वारा कमी, म्हणून विमान जास्त सापेक्ष वेगाने यायचं, आणि 'अडवायची' गरज आधी भासली. मंद जहाजाने त्यांना योग्य उत्तर लवकर शिकवलं, असंही म्हणता येईल.

---

गोंयकार_दाबोळी

दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात यातलं काही नाही, बायप्लेन शोधत येऊ नका. पण तिथे सी हॉक आणि अलिझे बघताना शेपटाखालचा आकडा नीट बघा. १९६१ पासून 'विक्रांत'वर याच आकड्यांनी आडवी तार पकडली. आस आणि चाकांमधले आकडे सरकत शेपटाकडे का गेले, हा प्रश्न धाग्यात राहिलाय.

---

राशी_वेग

गुरुत्वमध्य. आडवी तार मागे ओढते. ती चाकांपाशी, गुरुत्वमध्याच्या खाली पकडली तर शेपूट उचललं जाऊन नाक आपटतं. मागे पकडली तर ओढ गुरुत्वमध्याच्या मागून लागते आणि विमान सरळ राहतं, तिरकं आलं तरी आपोआप रेषेत येतं. उभ्या तारा फक्त दाबून धरत, जोराने मागे ओढत नसत, म्हणून आसावरचे आकडे चालून गेले.

---

कागदी_पंख

मॉडेलवाल्यांसाठी एक प्रश्न. माझ्याकडे १:४८ चा एफ.१ कॅमलचा किट आहे. कलीचं एन६८१२ करायचंय. नेमकं काय काय बदलावं लागेल?

---

कॅमलवाला

@कागदी_पंख, विस्तारातला फरक १३ इंच, म्हणजे १:४८ ला सुमारे ७ मिमी. पंखाची टोकं कापू नका, सगळे इथेच चुकतात. मधला भाग अरुंद करायचा, बाहेरचे पंख तसेच. मधले खांब लाकडी आणि जाड दाखवलेले असतील, ते काढून बारीक पितळी नळी किंवा तार वापरा. धडावर कॉकपिटच्या मागे जोडाची रेघ कोरा. कलीच्या विमानासाठी व्हिकर्स दोन्ही काढा, वर दोन लुईस शेजारी शेजारी. चाकं ठेवा, घसरपट्ट्या सॅमसनच्या होत्या. पायाखाली मंच करणार असाल तर फळ्या आडव्या आणि पडावाचं नाक वर. शेपूट घोडीवर.